मॅट्रिक्स पहिल्या वर्षी, डिफरन्शिअल इक्वेशन्स दुसऱ्या: ही ताटातूट कशासाठी?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्रेडिटची मांडणी बदलली, एकामागून एक अभियांत्रिकी महाविद्यालये स्वायत्त झाली, आणि गणिताचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक बोर्ड ऑफ स्टडीजसमोर (अभ्यासमंडळासमोर) आपापला येऊन उभा राहिला. त्यावर जी चर्चा चालते ती ऐकून वाईट वाटते. एक बाजू म्हणते, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा जमाना आहे, लिनिअर अल्जेब्राला पूर्ण पेपर द्या आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स जमेल तेवढी छाटा. दुसरी म्हणते, एम-वन, एम-टू, एम-थ्री ही अभियांत्रिकी गणिताच्या तीन पेपरांची घडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, याच गणितावर धरणे आणि पूल उभे राहिले, तिला हात लावू नका. तिसरी अमेरिकेकडे बोट दाखवते: तिथे काही विद्यापीठांत दोन्हींचा मिळून एकच कोर्स असतो, आपणही तसे केले तर क्रेडिट वाचतील. तिन्ही बाजू तासांचा आणि गुणांचा हिशेब मांडतात. हे विषय मुळात दोन आहेत का, हे कुणीच विचारत नाही.

माझे मत असे की रेषीय बीजगणित (लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचे गणित) आणि अवकल समीकरणे (डिफरन्शिअल इक्वेशन्स, म्हणजे बदलाच्या वेगाची समीकरणे) पदवीच्या पातळीवर एकत्रच शिकवली पाहिजेत. क्रेडिट वाचतात म्हणून नव्हे. वाचले नाहीत तरी, उलट थोडे जास्त लागले तरी. कारण विद्यार्थ्याला या वयात जी एक कल्पना हाती लागायला हवी, ती दोन्हींच्या मधोमध राहते. वेगळे शिकवले की दोन्हीकडे तिची फक्त कृती पोहोचते.

आजची स्थिती पाहा. पुणे विद्यापीठाचा २०१९ चा पॅटर्न उदाहरणाला घेऊ, कारण सध्याचे अनेक विद्यार्थी आणि तरुण अभियंते त्यातूनच गेले आहेत. पहिल्या सत्राच्या एम-वनमध्ये मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, येतात: रँक, समीकरणांच्या संचाची उकल, मग आयगन व्हेक्टर (मॅट्रिक्स ज्या दिशा न वळवता फक्त ताणते त्या), आयगन व्हॅल्यू (त्या ताणण्याचे प्रमाण) आणि डायगोनलायझेशन. दुसऱ्या सत्राच्या एम-टूमध्ये पहिल्या ऑर्डरची अवकल समीकरणे. वरच्या ऑर्डरची रेषीय समीकरणे, म्हणजे ज्यांना आयगन व्हॅल्यूंची खरी गरज आहे ती, दुसऱ्या वर्षी एम-थ्रीमध्ये. मधल्या काळात विद्यार्थी कर्व्ह ट्रेसिंग आणि डबल-ट्रिपल इंटिग्रल करून आलेला असतो आणि आयगन व्हॅल्यू परीक्षेबरोबर मागे पडलेली असते. मग त्याला सांगतात, सीएफ (उजवी बाजू शून्य धरून येणारी उकल) काढा, पीआय (मूळ समीकरणाची कोणतीही एक उकल) काढा, दोन्हींची बेरीज करा. बेरीज का? कुणी सांगत नाही. पण याच मुलाने वर्षभरापूर्वी उजव्या बाजूला शून्य नसलेल्या समीकरणांचा संच सोडवताना अगदी हेच केलेले असते: कोणतीही एक उकल शोधायची आणि तिच्यात शून्य बाजूच्या सगळ्या उकली मिळवायच्या. दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे, दोन्ही ठिकाणी सिद्धता एका ओळीची आहे, आणि ती ओळ एकदा समजली की दोन प्रकरणे मिळून एक होतात. मॅट्रिक्सच्या तासाला ती सांगावी तर अवकल समीकरण अजून आलेले नसते; अवकल समीकरणाच्या तासाला सांगावी तर मॅट्रिक्स विसरलेले असते.

याहून बोलके उदाहरण एम-थ्रीमधल्या सिमल्टेनियस समीकरणांचे आहे. दोन अज्ञात राशी, दोघींचा बदल एकमेकींवर अवलंबून. हा प्रश्न आयगन व्हॅल्यूसाठीच जन्माला आलेला आहे. आपण तो कसा सोडवायला शिकवतो? डी ऑपरेटर (डिफरन्शिएशनची खूण) वापरून एक राशी काढून टाकायची, उरलेल्या एकीचे दुसऱ्या ऑर्डरचे समीकरण बनवायचे, आणि शेवटी स्थिरांक जुळवत बसायचे. दोन राशी असतील तोवर हे जमते, पाच झाल्या की हात टेकावे लागतात. वर्षभरापूर्वी शिकवलेले नेमके हत्यार कपाटात ठेवून दिलेले असते. फूरिये मालिकेचेही तेच. ती एम-वनमध्ये, आणि ज्या प्रश्नासाठी फूरियेने १८०७ साली ती मांडली, तो धातूतून उष्णता कशी पसरते हा प्रश्न थेट दुसऱ्या वर्षी. तोवर मालिका म्हणजे इंटिग्रेशनचा लांबलचक सराव, एवढीच तिची ओळख.

एकत्र शिकवणे म्हणजे काय, हे एका साध्या प्रश्नावरून दाखवतो. शंभर-शंभर लिटरच्या दोन टाक्या आहेत. एकीत मिठाचे पाणी, दुसरीत साधे. पंप दर मिनिटाला पाच लिटर पाणी इकडून तिकडे आणि पाच लिटर तिकडून इकडे नेतो, आणि दोन्हीकडे पाणी सतत ढवळलेले राहते. प्रत्येक टाकीतल्या मिठाचे काय होईल? पहिल्या टाकीकडे एकटीकडे पाहिले तर नीट उत्तर देता येत नाही, कारण तिचे भवितव्य दुसरीत अडकले आहे. पण दोन्ही टाक्यांतल्या मिठाची बेरीज पाहा: ती बदलतच नाही. आता दोन्हींतला फरक पाहा: तो दर मिनिटाला स्वतःच्या दहा टक्के या वेगाने, दुसऱ्या कशाचीही पर्वा न करता, घटत जातो आणि साधारण सात मिनिटांनी निम्मा होतो. गुंतलेला प्रश्न दोन मोकळ्या प्रश्नांत सुटला. बेरीज आणि फरक या टाक्यांच्या समीकरणांतून बनणाऱ्या मॅट्रिक्सच्या आयगन दिशा आहेत. शून्य आणि उणे एकदशांश या आयगन व्हॅल्यू. हे पहिल्या आठवड्यात फळ्यावर करून दाखवले की आयगन व्हॅल्यू काढताना डिटर्मिनंट शून्य मांडण्याच्या कसरतीला अर्थ येतो. प्रश्न कोणत्या बाजूने विचारला म्हणजे तो सुटा होईल, ते शोधण्याची ती रीत आहे. मॅट्रिक्सच्या वेगळ्या पेपरात हे सांगता येत नाही, कारण तिथे काहीच घडत नाही, काळ नावाची गोष्टच नाही. अवकल समीकरणाच्या वेगळ्या पेपरात सांगता येत नाही, कारण तिथे दिशा नाही.

आणि इतिहास काय सांगतो? आयगन व्हॅल्यूची कल्पना मॅट्रिक्सच्या अभ्यासातून निघालीच नाही. ऑयलरने १७४३ साली स्थिर गुणकांची रेषीय समीकरणे घातांकी उकल धरून सोडवायची रीत प्रसिद्ध केली. पुढे लाग्रांजने तीच रीत गुंतलेल्या समीकरणांना लावली: मणी ओवलेल्या दोरीचे कंपन, ग्रहांच्या कक्षांचे शतकानुशतके होणारे संथ बदल. त्या काळी मॅट्रिक्स नव्हते. केलीचा मॅट्रिक्सच्या बीजगणितावरचा निबंध १८५८ चा, पेआनोने व्हेक्टर स्पेसची व्याख्या केली ती १८८८ साली. म्हणजे ज्या क्रमाने आपण हे शिकवतो त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने ते घडले.

उलट क्रमाने शिकवण्यात आपोआप दोष आहे असे मी म्हणत नाही. शोधाचा रस्ता आणि शिकवण्याचा रस्ता वेगळे असू शकतात. पण त्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की तो वाचल्यावर या दोन विषयांची फाळणी मला पटेनाशी झाली. एम-थ्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेला नियम आहे: समीकरणाची मुळे (म्हणजे आयगन व्हॅल्यूच) सारखी आली की दुसऱ्या पदाला क्ष ने गुणायचे. लाग्रांजनेही गुंतलेल्या समीकरणांबाबत असेच धरले होते. दोन मुळे सारखी आली की उकलीत काळाने गुणलेले पद येणार, ते वाढत जाणार, म्हणून ती रचना अस्थिर. लाप्लासने हीच समजूत पुढे चालवली. ही समजूत चुकीची होती, आणि वायरस्ट्रासने ती १८५८ साली दुरुस्त केली. एकाच समीकरणापासून तयार होणाऱ्या मॅट्रिक्सला सारख्या मुळांसाठी एकच स्वतंत्र आयगन व्हेक्टर मिळतो, म्हणून तिथे क्ष ने गुणावे लागते. पण सममित (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्या) मॅट्रिक्समध्ये मुळे कितीही सारखी असोत, आयगन व्हेक्टर पुरेसे मिळतात आणि काळाने गुणलेले पद येतच नाही. शेजारी शेजारी टांगलेले, एकमेकांशी न जोडलेले दोन सारखे लंबक घ्या. दोघांची मुळे सारखी आहेत, म्हणून ते वाढत वाढत जाऊन कोसळतात का? लाग्रांजसारख्या माणसाला जो फरक दिसला नाही आणि दुरुस्त व्हायला पाऊणशे वर्षांहून जास्त लागली, तो फरक आपला विद्यार्थी अर्धा नियम एका वर्षी आणि अर्धा दुसऱ्या वर्षी पाठ करून कसा ओळखणार? दोन्ही प्रकरणे एका फळ्यावर शेजारी असतील तर वीस मिनिटांत ओळखतो.

आता समोरच्या बाजूकडे वळतो, कारण तिच्याकडे खरे मुद्दे आहेत.

सगळ्यांत जड मुद्दा वेळेचा. एकत्र कोर्स म्हणजे दोन्ही विषय अर्धे कच्चे, असे म्हणणाऱ्यांचे निरीक्षण खोटे नाही. बर्कलीचा मॅथ ५४ हा कोर्स लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्सचा एकत्र, एका सत्राचा. त्यात साधारण दोन तृतीयांश सत्र अल्जेब्रावर जाते, आणि उरलेल्या आठवड्यांत अवकल समीकरणे, त्यांचे संच, फूरिये मालिका आणि उष्णतेचे समीकरण एवढे सगळे धावत उरकावे लागते. आपल्याकडून जाणारी मुले तिथे हा कोर्स घेतात तेव्हा शेवटच्या महिन्यात दमछाक होते असे सांगतात, आणि त्यात नवल काही नाही. हार्वर्डचा मॅथ २१बी हाही असाच जोड-कोर्स. उलट एमआयटीने दोन्ही वेगळे ठेवले आहेत: १८.०३ अवकल समीकरणांचा, १८.०६ रेषीय बीजगणिताचा. आपल्या मुंबईच्या आयआयटीनेही अनेक वर्षे एमए १०६ आणि एमए १०८ असे दोन स्वतंत्र अर्ध्या सत्राचे कोर्स चालवले. एवढ्या मोठ्या संस्था वेगळे ठेवतात, तर त्यांना कळत नाही का?

कळते, म्हणूनच त्या वेगळे ठेवूनही वेगळे शिकवत नाहीत. एमआयटीचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची १८.०६ ची व्याख्याने आपल्याकडच्या हजारो मुलांनी पाहिली आहेत. त्यांत अवकल समीकरणांवर आणि मॅट्रिक्सच्या घातांकी फलावर पूर्ण एक व्याख्यान आहे. तिकडे १८.०३ चा शेवटचा भाग रेषीय समीकरण-संचांचा, म्हणजे आयगन व्हॅल्यूंचा. दोन्ही कोर्स एकमेकांच्या हद्दीत जाऊन येतात, कारण न जाता पूर्णच होऊ शकत नाहीत. आयआयटीतही दोन अर्धी सत्रे एकामागोमाग एकाच सत्रात येत. वर्षभराची फट कुणीच ठेवली नाही. ती ठेवली आपण. वेळ कमी पडतो या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो एवढाच की एकत्र कोर्सला वेळ जास्त द्या आणि त्याची रचना सुधारा. आधी सगळे अल्जेब्रा, मग उरलेल्या आठवड्यांत सगळी समीकरणे, ही बर्कलीची रचना मला मान्य नाही. ते एकत्र शिकवणे नव्हे, दोन कोर्स एका वेळापत्रकात कोंबणे आहे. पहिल्या आठवड्यापासून दोन्ही हातात हात घालून चालले पाहिजेत.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेवाल्यांचा, आणि आज तोच सर्वांत जोरात मांडला जातो. संगणकाच्या विद्यार्थ्याला टाक्या, लंबक आणि तुळया यांचे काय करायचे? त्याला मॅट्रिक्स हवे, संभाव्यता हवी. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने संगणक शाखेसाठी हीच वाट धरली: पहिल्या सत्रात कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा, दुसऱ्यात संभाव्यता आणि संख्याशास्त्र; अवकल समीकरणे इतर शाखांना. रेषीय बीजगणिताचे स्वतंत्र आयुष्य आहे हे मला मान्य आहे. चुका दुरुस्त करणारे कोड सांत क्षेत्रांवर चालतात, तिथे ना काळ ना बदल. वेबपानांची क्रमवारी लावणारी गूगलची मूळ पेजरँक रीत हा आयगन व्हेक्टरचाच प्रश्न, आणि तो अवकल समीकरणाशिवाय मांडता येतो.

पण मॉडेल शिकवायचे कसे, हा प्रश्न आला की हा युक्तिवाद ढासळतो. मॉडेलची चूक कमी करत नेणारी ग्रेडियंट डिसेंट ही रीत म्हणजे उताराच्या दिशेने टाकलेली छोटी छोटी पावले, म्हणजेच एका अवकल समीकरणाची ऑयलरच्या पद्धतीने केलेली पायरीपायरीची उकल. लर्निंग रेट, म्हणजे त्या पावलाचा आकार, किती ठेवायचा? वर्गी फलासाठी उत्तर नेमके आहे: त्याच्या दुसऱ्या अवकलजांच्या मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगन व्हॅल्यूने दोनला भागून जी संख्या येते तिच्यापेक्षा कमी. त्याहून जास्त ठेवला की उकल एका दिशेने उसळत उसळत हाताबाहेर जाते, आणि फार कमी ठेवला तर सर्वांत लहान आयगन व्हॅल्यूच्या दिशेने ती रेंगाळत राहते. संगणकावरच्या नोटबुकमध्ये लॉस (मॉडेलच्या चुकीचे माप) अचानक अनंताकडे गेला म्हणून आकडा बदलून बदलून पाहणारा मुलगा नेमके याच दोन विषयांच्या सांध्यावर अडलेला असतो. तो सांधा त्याला कुणी दाखवलेला नसतो, आणि आपण अडलो आहोत ती जागा गणिताच्या पुस्तकात आहे हेही त्याला ठाऊक नसते. रिकरंट नेटवर्कमध्ये (आपलेच उत्तर पुन्हा आत घेणाऱ्या मॉडेलमध्ये) ग्रेडियंट विरून जातो किंवा फुगतो, त्यामागे तेच मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा गुणल्यावर आयगन व्हॅल्यू एकपेक्षा लहान की मोठ्या हाच प्रश्न आहे. चित्रे बनवणारी डिफ्युजन मॉडेल्स तर थेट यादृच्छिक अवकल समीकरणांच्या भाषेत मांडली जातात. ज्या क्षेत्राचे नाव घेऊन अवकल समीकरणे छाटायची, तेच क्षेत्र गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे वळले आहे. मग छाटणी नक्की कुणाच्या हिताची?

तिसरा आक्षेप गणितज्ञांकडून येतो आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. ते म्हणतात, जगातली बहुतेक अवकल समीकरणे रेषीय नसतातच. एकत्र कोर्स केला की विद्यार्थ्याला वाटते, मॅट्रिक्सने सुटतात तेवढीच समीकरणे. आणि अवकल समीकरणांचा खरा आत्मा, म्हणजे न सुटणाऱ्या समीकरणाविषयीही काही निश्चित सांगता येणे, हरवतो. या मुद्द्यावर मी बराच विचार केला. तरीही माझे मत बदलले नाही, आणि का बदलले नाही हे सांगायला मुंबईचेच उदाहरण हाताशी आहे. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या रोगांचा गणिती सिद्धांत मांडला. आज शाळकरी मुलांनाही ऐकून माहीत असलेले निरोगी, बाधित आणि बरे झालेले असे तीन गटांचे मॉडेल त्यातूनच आले. ते पडताळायला त्यांनी वापरलेली आकडेवारी मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंची होती, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातली. समीकरणे अरेषीय. पण साथ पसरणार की विझणार, हे ज्या क्षणी ठरते त्या क्षणी बाधितांची संख्या थोडी असते, आणि तिथे समीकरणे जवळजवळ रेषीयच असतात. लोकसंख्येत लहान मुले, कामाला जाणारे, वृद्ध असे गट पाडले की कोण कुणाला किती बाधा देतो याचे मॅट्रिक्स तयार होते. २०२० साली रोज वर्तमानपत्रात वाचलेला तो आर-नॉट म्हणजे त्या मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगन व्हॅल्यू. ती एकच्या वर असेल तर साथ पसरते, खाली असेल तर विझते. अरेषीय प्रश्नाविषयी आपण जे निश्चित बोलू शकतो, त्यातला मोठा भाग समतोल बिंदूजवळच्या आयगन व्हॅल्यूंमधून येतो. ल्यापुनोव्हने १८९२ साली दिलेला स्थिरतेचा सिद्धांत या कल्पनेला भक्कम पाया देतो. म्हणजे गणितज्ञांना जो आत्मा वाचवायचा आहे, त्याच्याकडे जाण्याचा दरवाजा या एकत्र कोर्समधूनच उघडतो. वेगळ्या पेपरात आज तिथपर्यंत कोण पोहोचते? एम-थ्रीत समतोल बिंदू आणि त्याची स्थिरता यांवर किती प्रश्न विचारले जातात?

वेगळे शिकवण्याने खोटे ज्ञानही पसरते. टॅकोमा नॅरोजचा पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटून कोसळला, ती फिल्म अभियांत्रिकीच्या वर्गात हमखास दाखवतात. सांगतात काय? रेझोनन्स: वाऱ्याच्या झोताची लय आणि पुलाची लय जुळली. एकट्या समीकरणाच्या पाठात रेझोनन्स हाच वाढणाऱ्या कंपनाचा ठळक नमुना असतो, म्हणून प्रत्येक कोसळणारा पूल तिथे नेऊन बसवला जातो. बिल्लाह आणि स्कॅनलन या दोघांनी १९९१ साली पाठ्यपुस्तकांतली ही चूक सविस्तर दाखवली. वारा लयीत ढकलत नव्हता. पिळाच्या हालचालीतून पूल स्वतःच वाऱ्याची ऊर्जा ओढून घेत होता आणि कंपन मंदावण्याऐवजी वाढत होते. गणिताच्या भाषेत, आयगन व्हॅल्यूचा वास्तव भाग उणेकडून अधिककडे गेला होता. बाहेरून कुणीही लयीत ढकलत नसताना रचना अस्थिर होऊ शकते, ही गोष्ट ज्याला मॅट्रिक्स आणि समीकरण एकत्र दिसतात त्यालाच स्वाभाविक वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न वर्गापुरता नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेच्या धरणाला तडे गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झाले ते मराठवाडा विसरलेला नाही. भूकंपाविषयीचे भारतीय मानक आयएस १८९३ (हा मानकाचा क्रमांक, साल नव्हे) आज इमारतीच्या गतिकीय विश्लेषणात पुरेसे मोड (कंपनाचे प्रकार) घ्यायला सांगते: घेतलेल्या मोडमधले एकूण वस्तुमान निदान ९० टक्के भरले पाहिजे. मोड म्हणजे काय? इमारतीच्या वस्तुमानाचे आणि ताठरपणाचे मॅट्रिक्स घेऊन काढलेल्या आयगन दिशा, टाक्यांमधल्या बेरीज आणि फरकासारख्याच. पुण्या-मुंबईत नव्याने नोकरीला लागलेली स्ट्रक्चरल इंजिनीअर ईटॅब्स या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात तो ९० टक्क्यांचा आकडा रोज तपासते. आकडा ८२ आला तर काय करायचे हेही तिला माहीत असते: मोडची संख्या वाढवायची. पण ते ९० टक्के कशाचे, आणि एखाद्या मोडमध्ये इमारत पिळवटत असेल तर आराखड्यात नेमके काय चुकले आहे, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते सांगायला जी समज लागते तिचे दोन तुकडे करून आपण दोन वेगवेगळ्या वर्षांत वाटले आहेत. घरे या समजेवर उभी राहतात, म्हणून हा वाद मला क्रेडिटच्या हिशेबावर सोडून देता येत नाही.

एके काळी वीज आणि चुंबकत्व हेही दोन विषय होते. १८२० साली ओर्स्टेडला विजेच्या तारेशेजारी होकायंत्राची सुई हललेली दिसली, आणि मॅक्सवेलच्या समीकरणांनंतर दोन्ही वेगळे शिकवण्याला भौतिकशास्त्रात अर्थ उरला नाही. देकार्तने १६३७ साली भूमिती आणि बीजगणित जोडले. आज भूमितीच्या पेपरातून निर्देशक काढून टाका असे कोण म्हणेल? विद्यार्थ्याला दोन्ही झेपणार नाहीत, ही भीती अशा प्रत्येक जोडणीच्या वेळी रास्त वाटू शकते. पण जोडणीनंतर ओझे हलके होते, कारण पाठ करायच्या गोष्टी कमी होतात.

प्रत्यक्षात काय करता येईल? व्यवहाराचे आक्षेप इथेच सर्वांत जास्त येतात. मी ऐकलेला सर्वांत खरा आक्षेप एका डिप्लोमाच्या शिक्षकांचा. महाराष्ट्रात तंत्रनिकेतनातून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी एम-वन आणि एम-टू केलेले नसते. एकत्र कोर्स पहिल्या वर्षी नेला तर ही मुले दोन्हींना मुकतील, आणि त्यांत बहुतेक जण ग्रामीण भागातली, आधीच एम-थ्रीच्या केटीने (नापास राहिलेल्या पेपराने) गांजलेली. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यामुळेच माझी मागणी उलटी आहे. अवकल समीकरणे पहिल्या वर्षी नेऊ नका. आयगन व्हॅल्यू दुसऱ्या वर्षी आणा. पहिल्या वर्षी समीकरणांचे संच आणि रँक एवढे पुरे. आज एम-थ्री म्हणजे खिचडी आहे: शाखेनुसार कमीजास्त, पण रेषीय समीकरणे, ट्रान्सफॉर्म, संख्याशास्त्र, संभाव्यता, व्हेक्टर कॅल्क्युलस असे काहीही एका पेपरात. त्यातले संख्याशास्त्र आणि संभाव्यता बाहेर काढून त्यांचा स्वतंत्र कोर्स करा. संगणक शाखेलाही तो हवाच आहे. व्हेक्टर कॅल्क्युलस पहिल्या वर्षी डबल-ट्रिपल इंटिग्रलला जोडून घ्या, त्याची जागा तिथेच आहे. जी जागा मोकळी होईल तिथे पूर्ण सत्रभर, सर्व शाखांना, रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे एकत्र, आठवड्याला पाच तास आणि त्यात एक तास संगणकावर. लाप्लास ट्रान्सफॉर्म त्याच प्रवाहात येतो. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला आज एम-थ्रीत सीएफ-पीआयची कृती मिळते, आणि आयगन व्हॅल्यू तिला पुढे कंपनशास्त्राच्या किंवा कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात अचानक, कुणी न शिकवता, भेटते. नव्या रचनेत ती पहिल्या वर्षापासून आलेल्या मुलांच्या बरोबरीने, त्याच टाकीपासून, त्याच दिवशी सुरुवात करते.

शिक्षक कुठून आणायचे, असे विचारतात. दोन्ही विषय आज तेच शिक्षक शिकवतात, एका वर्षाच्या अंतराने. त्यांना नवे गणित शिकायचे नाही. प्रश्नपत्रिका मात्र बदलावी लागेल, आणि खरा विरोध तिथून येईल हे मला माहीत आहे. युनिटप्रमाणे ठरलेले प्रश्न आणि तेच नमुने आलटून पालटून येणे यावर शिकवण्याचा आणि क्लासचा सगळा डोलारा उभा आहे. एकत्र कोर्सच्या प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न असा हवा ज्यात मॅट्रिक्स दिलेले आहे, आयगन व्हॅल्यू काढून दिलेल्या आहेत, आणि विद्यार्थ्याने फक्त एवढे लिहायचे आहे की ही रचना पुढे काय करेल: स्थिरावेल, झुलत राहील की हाताबाहेर जाईल, आणि का. त्या उत्तराला आकडेमोड लागत नाही, पण ते पाठ करूनही देता येत नाही. स्वायत्त महाविद्यालयांना आज असा पेपर काढायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पुण्याचे सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे, मुंबईचे व्हीजेटीआय स्वायत्त आहे. गणिताचे चांगले शिक्षक दोन्हीकडे आहेत. त्यांनी एका बॅचपुरता हा कोर्स चालवावा, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांचा निकाल वेगळा काढून तो जाहीर करावा.